मध्यम गुणांचा विद्यार्थी आणि मोठें विद्यापीठ



जून महिन्यांत निकाल लागले म्हणजे आमच्या शाळेच्या व्हरांड्यांत दोन प्रकारचे लोक येतात. कांहीं पेढे घेऊन येतात. त्यांच्याविषयीं येथें लिहावयाचें कारण नाहीं. त्यांचें ठीक चाललें आहे. दुसरे गुणपत्रिकेच्या चार घड्या करून ती खिशांत ठेवून येतात, आणि बोलणें संपतां संपतां ती बाहेर काढतात. प्रस्तुत लेख ह्या दुसऱ्यांसाठीं आहे.

दोन वर्षांपूर्वींच्या जूनमध्यें रिसोड तालुक्यांतील एक शेतकरी आपल्या मुलास घेऊन असेच आले. मुलगा आमचाच माजी विद्यार्थी. जिल्ह्यांतील एका लहान महाविद्यालयांत बी. एस्सी.चें पहिलें वर्ष त्यानें ५४ टक्के गुण मिळवून पार केलें होतें. पदार्थविज्ञान त्यास मनापासून आवडे, आणि तें एखाद्या नांवाजलेल्या विद्यापीठांत शिकावें अशी त्याची इच्छा होती. वडील म्हणाले, "सर, चौपन्न टक्क्यांत याले मोठ्या शहरातलं कॉलेज कोन देते? त्यापरीस कृषी केंद्रावर बसला तं चार पैसे तरी येतीन." मुलगा खालीं मान घालून उभा होता. मी धीराचे चार शब्द बोललों. परंतु धीर देणें म्हणजे उत्तर देणें नव्हे, हें बोलतांनाच मला कळत होतें. खरें उत्तर शोधण्यासाठीं पुढें जें वाचन व जी विचारपूस केली, तिचें सार येथें देत आहें.

आरंभ एका गुणपत्रिकेपासूनच करूं. सन १९०७ मध्यें मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलांतून एक मुलगा मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला. एकंदर गुण ७५०. त्यास मिळाले २८२, म्हणजे शेंकडा ३७.६. त्याची इच्छा संस्कृत शिकण्याची होती. परंतु तो अस्पृश्य मानलेल्या जातींतील म्हणून तें दार त्यास बंद झालें व त्यानें फारसी घेतली. घर म्हणजे परळच्या चाळींतील एक खोली. तींतच स्वयंपाक, तींतच निजणें व तींतच अभ्यास. हा मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. सन १९१३ च्या जुलैमध्यें हेच गृहस्थ न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले, १९१५ सालीं तेथील एम. ए. झाले, १९२३ सालीं लंडन विद्यापीठाचे डी. एस्सी. आणि १९२७ सालीं कोलंबियाचे पीएच. डी. झाले.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. त्या काळचें गुणदान आजच्याहून पुष्कळच कडक असे, आणि मॅट्रिक उत्तीर्ण होणें हीच मोठी गोष्ट मानली जाई. म्हणून २८२ ह्या आंकड्याची आजच्या ३७ टक्क्यांशीं तुलना करून कोणीं निश्चिंत होऊं नये. तरीही तो आंकडा उच्च श्रेणीचा नव्हता, हें खरेंच. मग पांचसहा वर्षांत हा विद्यार्थी परळच्या खोलींतून कोलंबियापर्यंत पोहोंचला कसा?

त्यांतील पहिली कडी मला शिक्षक ह्या नात्यानें फार आवडते. मुंबईंत चर्नी रोडच्या बागेंत कृष्णाजी अर्जुन केळुसकर नांवाचे एक शिक्षक व ग्रंथकार बसावयास येत. एक मुलगा रोज तेथें येऊन पुस्तक वाचीत बसतो हें त्यांच्या नजरेस आलें. त्यांनीं ओळख करून घेतली व पुस्तकें देण्यास आरंभ केला. मॅट्रिकनंतर सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखालीं जी अभिनंदनाची सभा झाली, तींत केळुसकरांनीं स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र भीमरावांस भेट दिलें. पुढें कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हां बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्याकडे शब्द टाकणारे केळुसकरच. महाराजांनीं दरमहा २५ रुपये सुरू केले. एल्फिन्स्टन कॉलेजांत प्रोफेसर म्युलर यांनीं आपलीं पुस्तकें वापरावयास दिलीं. १९१२ सालीं भीमराव बी. ए. झाले, आणि १९१३ सालीं बडोदें सरकारनें त्यांस तीन वर्षांकरितां दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति देऊन अमेरिकेस पाठविलें. परत आल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांस लिहून द्यावा लागला.

आतां ह्या साखळीकडे नीट पहा. प्रत्येक कडीच्या ठिकाणीं एक मनुष्य उभा आहे, आणि त्या मनुष्यानें ह्या विद्यार्थ्यास काम करतांना प्रत्यक्ष पाहिलेलें आहे. पदवी लागलीच; तिच्यावांचून कोलंबियांत पाऊल टाकतां आलें नसतें. परंतु उंबरठा ओलांडण्यापुरती पदवी हातीं आल्यावर पुढें त्यांस ज्यानें नेलें तें टक्क्यांच्या पलीकडचें कांहीं होतें.

कोलंबियांत गेल्यावर त्यांनीं काय केलें, हा ह्या गोष्टीचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. त्यांच्या तेथील अभ्यासाची नोंद उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि शिवाय प्राथमिक फ्रेंच व जर्मन ह्यांचा एकेक. १९१६ च्या मे महिन्यांत गोल्डनवायझर यांच्या वर्गांत त्यांनीं हिंदुस्थानांतील जातिसंस्थेवर निबंध वाचला; तो पुढच्याच वर्षीं 'इंडियन अँटिक्वेरी'मध्यें छापला गेला. म्हणजे ज्याच्या नांवावर तीनच वर्षांपूर्वीं साधी बी. ए.ची पदवी होती, त्याच्याजवळ आतां दुसऱ्यास वाचावयास देतां येईल असें स्वतःचें काम होतें. त्यांचे अध्यापक एडविन सेलिग्मन यांनीं लंडनच्या अर्थशास्त्रज्ञांना पत्रें लिहून आपल्या ह्या विद्यार्थ्याची ओळख करून दिली.

लंडनलाही सर्व सुरळीत झालें नाहीं. १९१६ सालीं ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें दाखल झाले. १९१७ सालीं शिष्यवृत्ति संपली व त्यांस परतावें लागलें. मुंबईच्या सिडनॅम कॉलेजांत अध्यापकी करून त्यांनीं पैसा साठविला. कांहीं भार कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं व कांहीं नवल भथेना ह्या मित्रानें उचलला, आणि १९२० सालीं ते पुन्हां लंडनला गेले. १९२१ सालीं एम. एस्सी. झाली. डी. एस्सी.चा रुपयाविषयींचा प्रबंध मात्र परीक्षकांनीं फेरबदलासाठीं परत केला. त्यांनीं तो सुधारून पुन्हां सादर केला, आणि १९२३ सालीं तो मान्य झाला. आमच्या वर्गांतील मुलें निबंध परत आला कीं वही दप्तरांत खोल दडपतात, त्यांनीं एवढी नोंद करून ठेवावी.

कोणी म्हणेल, ह्याहूनही मोठें उदाहरण रामानुजन यांचें आहे. कुंभकोणम् व मद्रास येथें इंटरच्या दर्जाच्या परीक्षेंत ते नापास झाले, आणि तरीही १९१३ सालीं मद्रास विद्यापीठानें त्यांस पदवीवांचून दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ति दिली व १९१४ सालीं ते केंब्रिजला गेले. गोष्ट खरी आहे. परंतु रामानुजन यांनीं हार्डी यांना पाठविलेलें पत्र प्रमेयांनीं भरलेलें होतें. नापास होण्यांत त्यांच्याशीं बरोबरी करणारे विद्यार्थी मला दरसाल भेटतात. प्रमेयें आणून दाखविणारा अजून भेटावयाचा आहे.

असो. आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. वाशीम, मालेगांव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा ह्या सहा तालुक्यांतील बहुतेक महाविद्यालयें १९८३ सालीं स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाशीं संलग्न आहेत. येथें शिकून पुढें नांवाजलेल्या विद्यापीठांत जावयाचें तर निरनिराळीं दारें आहेत, आणि प्रत्येक दारावरचा तराजू निराळा आहे. आमचीं मुलें फसतात तीं येथेंच. ज्या दारावर गुण तोलले जातात तेथें तीं उत्साह घेऊन जातात, आणि ज्या दारावर परीक्षा घेतली जाते तेथें गुणांच्या भीतीनें जातच नाहींत.

शिक्षण चालू असतां मध्येंच दुसऱ्या विद्यापीठांत जाणें, हें दार सर्वांत अरुंद होय. त्यासाठीं तिकडे जागा रिकामी व्हावी लागते, दोन्हीं अभ्यासक्रम जुळावे लागतात, आणि दोन्हीं विद्यापीठांची संमति लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, २०२१ पासून क्रेडिट सांठविण्याची पेढी सुरू झाली आहे, तिच्यामुळें हें सोपें झालें असें पुष्कळांस वाटतें. पण क्रेडिट सांठविलेलें असणें म्हणजे जागा मिळणें नव्हे. कोठारांत धान्य असलें म्हणून दुसऱ्याच्या पंगतींत आपलें पान मांडलें जात नाहीं. ५४ टक्क्यांच्या विद्यार्थ्यानें ह्या दारापाशीं वर्ष घालवूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांचें दार ह्याहून रुंद आहे. दहावीनंतरची तीन वर्षांची पदविका पुरी केलेल्यांस अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश मिळतो. ह्या प्रवेशासाठीं निराळी परीक्षा नाहीं. पदविकेचे गुण हाच तराजू. म्हणून १८५४ पासून चालत आलेलें व २०२२ सालीं स्वतंत्र विद्यापीठ झालेलें पुण्याचें अभियांत्रिकी महाविद्यालय, किंवा १८८७ सालीं स्थापन झालेली मुंबईची व्हीजेटीआय, येथें मध्यम गुणांच्या पदविकाधारकास जागा मिळणें अत्यंत कठीण. त्यानें मिळेल त्या बऱ्या महाविद्यालयांत पदवी पुरी करावी आणि गेट परीक्षेची तयारी धरावी. पदव्युत्तर प्रवेशांत मुख्य भार तिच्यावर असतो.

कला, वाणिज्य व विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांचें खरें दार पदवीनंतरचें आहे. आय. आय. टी.च्या एम. एस्सी.साठीं जॅम नांवाची परीक्षा आहे. अनेक केंद्रीय विद्यापीठांच्या एम. ए. व एम. एस्सी.साठीं २०२२ पासून सीयूईटी-पीजी ही सामाईक परीक्षा घेतली जाते. दोन्हींना पदवीच्या अखेरच्या वर्षांत असतांनाच बसतां येतें. येथें निवड मुख्यत्वें परीक्षेवर होते. पदवीचे गुण बहुधा किमान अट म्हणून पाहिले जातात. ही किमान अट विद्यापीठागणिक व विषयागणिक बदलते, म्हणून त्या त्या वर्षाची जाहिरात स्वतःच्या डोळ्यांनीं वाचावी. मित्राच्या फोनवर आलेल्या निरोपावर विसंबूं नये.

आतां आमच्या त्या विद्यार्थ्याचा हिशेब करूं. पहिल्या वर्षीं ५४. दुसऱ्या वर्षीं ६२ व तिसऱ्या वर्षीं ६८ मिळाले, आणि तिन्हीं वर्षांचें वजन सारखें धरलें, तर सरासरी ६१.३ येते. म्हणजे एक वर्ष बिघडल्यानें पदवी बिघडली असें होत नाहीं. शिवाय ५४, ६२, ६८ ही चढती ओळ पाहणाऱ्यास कांहीं सांगते. ६८, ६२, ५४ ह्या ओळीचीही सरासरी तीच येईल, पण ती निराळेंच सांगेल. आजकाल टक्क्यांऐवजीं श्रेणीगुण देतात; हिशेबाची रीत तीच.

अमेरिकेंत हा विचार व्यवस्थेंतच बसविलेला आहे. तेथें इलिनॉय संस्थानांतील जोलिएट येथें १९०१ सालीं दोन वर्षांचें लहान कॉलेज निघालें, आणि पुढें अशीं सामुदायिक महाविद्यालयें गांवोगांवीं झालीं. कॅलिफोर्नियानें १९६० सालीं केलेल्या योजनेंत तर ह्या लहान महाविद्यालयांतून मोठ्या विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षांत येणाऱ्यांसाठीं वाट राखून ठेवली. शाळेंत मागें पडलेल्या मुलानें दोन वर्षें तेथें नेटानें काम केलें, तर मुख्यतः त्या दोन वर्षांचे गुण पाहिले जातात. शाळेंतले मागें पडतात. आपल्याकडे अशी आंखलेली वाट नाहीं. म्हणून आपल्या विद्यार्थ्यास ती पायवाट स्वतः पाडावी लागते, एवढाच भेद.

अशी पायवाट पाडणारे एक विद्यार्थी कांहीं काळ आपल्याच कारंजा गांवीं शाळेंत होते. पंजाबराव देशमुख यांचा जन्म १८९८ सालीं अमरावती जिल्ह्यांतील पापळ येथें झाला. शिक्षणासाठीं त्यांना चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावती असें एकेक गांव पुढें सरकावें लागलें. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत ते शिकत होते. तेथील पदवी पुरी होण्यापूर्वींच १९२० सालीं ते विलायतेस निघाले. एडिंबरोस एम. ए., आणि पुढें ऑक्सफर्डला वेदवाङ्मयांतील धर्माच्या उगमविकासावर प्रबंध लिहून डी. फिल. त्यांच्या गुणांविषयीं मी कांहीं म्हणत नाहीं. त्यांचें उदाहरण देतों तें लहान गांवच्या शाळेकरितां. परत आल्यावर १९३२ सालीं त्यांनीं अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, आणि विदर्भांतील ज्या लहान महाविद्यालयांस आपण नाकें मुरडतों त्यांतील कित्येक ह्या संस्थेचीं आहेत.

लहान महाविद्यालयाचा एक लाभ आपण ओळखतच नाहीं. तेथें प्राध्यापकांस विद्यार्थ्याचें नांव माहीत असतें. शंभर-दोनशें मुलांच्या वर्गांतील अध्यापक शिफारसपत्रांत काय लिहिणार? 'विद्यार्थी नियमित व सुशील आहे,' एवढेंच. उलट ज्या विद्यार्थ्यानें प्रयोगशाळेंतील मोडकें उपकरण दोन शनिवार खपून दुरुस्त केलें, त्याच्याविषयीं त्याचे प्राध्यापक एक संपूर्ण परिच्छेद लिहूं शकतात. सेलिग्मन यांच्या पत्रास वजन होतें तें त्यांनीं विद्यार्थ्याचें काम पाहिलें होतें म्हणून. तेव्हां शिफारसपत्र तिसऱ्या वर्षाच्या शेवटीं मागावयाचें असलें, तरी तें मिळवावयाचें दुसऱ्या वर्षीं असतें.

दाखवितां येण्याजोगें काम कोठून आणावें, असा प्रश्न येईल. आय. आय. टी.च्या प्राध्यापकांचीं व्याख्यानें एनपीटीईएलवर विनामूल्य ऐकतां येतात, आणि अल्प शुल्क भरून त्यांची परीक्षा केंद्रावर जाऊन देतां येते. देशांतील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यांत दोन महिन्यांची संशोधनवृत्ति देतात. तिच्यासाठीं अर्ज आधींच्या वर्षाच्या अखेरीस करावा लागतो. मराठीच्या विद्यार्थ्यानें आपल्या तालुक्यांतील वऱ्हाडी बोलीचे शब्द गोळा करावे; इतिहासाच्या विद्यार्थ्यानें वत्सगुल्मच्या वाकाटकांवर, म्हणजे आपल्या वाशीमवरच, वीस पानें नीट लिहावीं. मोठ्या शहरांतील विद्यार्थ्यास ही सामग्री दारांत मिळत नाहीं.

अर्जांत कमी गुणांविषयीं लिहावयाची वेळ आली, तर दोन वाक्यें पुरेत. काय झालें तें एका वाक्यांत, आणि त्यानंतर काय केलें तें दुसऱ्यांत. आजारपणाचें किंवा घरच्या अडचणींचें लांबलचक वर्णन वाचणाऱ्यास कंटाळा आणतें. गुणपत्रिका लपविणें किंवा तींत फेरफार करणें ह्याविषयीं मी लिहीतच नाहीं. आमच्या मुलांस तें सांगावें लागूं नये.

पालकांस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली कागदपत्रांची. महाविद्यालय सोडल्याचा दाखला, विद्यापीठाचें मायग्रेशन सर्टिफिकेट, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, आणि लागू असेल तेथें जातीचा व उत्पन्नाचा दाखला, हीं ऐन वेळीं मिळत नाहींत. तरुणपणीं माझें स्वतःचें एक वर्ष एका कार्यालयांतील टेबलावर पडून राहिलेल्या अशाच एका कागदापायीं गेलें. दोष अर्धा माझा होता. मी अर्जच निकालानंतर महिन्यानें केला होता. दुसरी गोष्ट पैशाची. 'जागा करून देतों' म्हणणाऱ्या दलालास एक रुपयाही देऊं नये. त्याच पैशांत परीक्षेचा अर्ज, पुस्तकें व केंद्रापर्यंतचा प्रवास होतो. प्रवेश मिळाल्यावर शासकीय शिष्यवृत्त्या आहेत, परदेशीं जाणाऱ्यांसाठीं राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाचीही एक आहे. त्यांच्या अटी त्या त्या वर्षाच्या जाहिरातींत पहाव्या.

रिसोडचा तो विद्यार्थी कृषी केंद्रावर बसला; पण फक्त सुटींत. दुसऱ्या वर्षीं त्याला ६१ टक्के मिळाले. माझ्या हिशेबाहून एक कमी, असें तो स्वतःच हसून म्हणाला. यंदा तो तिसऱ्या वर्षांत आहे. जॅमचा अर्ज त्यानें दिवाळीच्या आधींच भरला. नाताळच्या सुमारास त्याचे वडील एकटेच शाळेंत आले. मला वाटलें, पुन्हां तोच वाद. त्यांनीं विचारलें, "सर, त्या दुसऱ्या परीक्षेच्या फारमाची शेवटची तारीख कोनती हाये? पोरगं सांगते, पन म्या म्हटलं आपन इचारून घ्यावं." मी संकेतस्थळ उघडून तारीख सांगितली. खिशांतून कृषी केंद्राची एक पावती काढून तिच्या पाठीमागें त्यांनीं ती लिहून घेतली, आणि खालीं फीची रक्कमही लिहिली.